दुसरी रांग, डावीकडून तिसरा

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला वाचनालयाची लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसानं हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक भिंतीवरच्या फोटोतल्या एका डोक्यावर टेकवलं आणि म्हणाला, "हा मी." पाणी कुठे मिळेल असं विचारावं तितक्या साध्या आवाजात म्हणाला. टेबलाशी बसलेल्या माणसानं मान वर केली नाही. त्याच्या खोलीत दिवसातून चार-पाचदा कुणी ना कुणी कुठल्या तरी डोक्यावर बोट ठेवून "हा मी" किंवा "ही आमची थोरली आत्या" असं म्हणतच असे आणि ते लिहून घेणं हीच त्याची नोकरी होती. "नंबर किती?" त्यानं सवयीनं विचारलं. "आठ," लिफ्टवाला म्हणाला. "दुसरी रांग, डावीकडून तिसरा." तेव्हा मात्र त्यानं मान वर केली. कारण आठ नंबर तो स्वतः होता.

खोली वाचनालयाच्या तळघरात होती. दारावर 'स्थानिक इतिहास संग्रह' अशी पाटी होती, पण सगळी इमारत तिला डोक्यांची खोली म्हणायची आणि त्याला डोकीवाला. नाव चुकीचं नव्हतं. शहरातल्या घराघरांतून, कपाटांच्या वरून, पलंगांच्या खालून, मेलेल्या माणसांच्या ट्रंकांमधून निघालेले फोटो त्याच्याकडे येत. तो प्रत्येक फोटोवर पारदर्शक कागद ठेवी, पेन्सिलीनं प्रत्येक डोक्याभोवती बाह्यरेषा काढी, आत नंबर घाली आणि मग जे कुणी येईल त्याला विचारी, हा कोण, ही कोण. गुरुवारची दुपार तर त्यासाठीच राखलेली असे. सांगितलेलं नाव नंबरवार यादीत आधी पेन्सिलीनं लिहायचं. दुसऱ्या कुणी तेच सांगितलं की शाईनं. मात्र हे दोघे साक्षीदार त्या डोक्याच्या नात्यातले नकोत. हा नियम त्यानंच केला होता, तोही अनुभवानं पोळल्यावर. कारण नातेवाईक प्रेमापोटी किंवा भांडणापोटी वाटेल त्या डोक्याला वाटेल ते नाव लावतात. एकदा दोन जावा आल्या होत्या. फोटोतली कपाळाला आठ्या घातलेली बाई तुझी सासू आणि हसरी ती माझी, असं दोघीही तासभर सांगत होत्या. सासू अर्थात दोघींची एकच होती. अकरा वर्षांत त्यानं नऊ हजारांवर डोकी शाईत आणली होती आणि या शहरात मेलेल्यांना त्याच्याइतकं नावानिशी ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. जिवंतांना तो जरा कमीच ओळखे.

भिंतीवर दाराशेजारी लावलेला तो फोटो नमुन्याचा होता. प्राथमिक शाळा, तिसरी इयत्ता, एकतीस मुलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यानं स्वतःच्याच घरून तो आणला होता आणि पहिली बाह्यरेषा त्यातल्याच आठव्या डोक्याभोवती काढली होती. त्या डोक्याला साक्षीदार लावले नव्हते. स्वतःला कुणी साक्षीदार लावतं का? आलेल्या माणसाला कामाची पद्धत समजावताना तो याच फोटोपाशी उभा राही आणि म्हणे, "हे बघा, समजा हा आठ नंबर. हा मी. डाव्या पायातला मोजा घसरलाय, दिसला? इलॅस्टिक सैल झालं होतं. छायाचित्रकार म्हणाला, हलू नका, आणि मला सारखं वाटत होतं की वाकावं आणि मोजा वर ओढावा. मागच्यानं खांद्यावर हात ठेवला होता, तो घामेजलेला होता. उन्हात डोळे उघडे ठेवायला सांगितले होते. इतकं आठवतं माणसाला, नीट बघितलं तर." लोकांना हे आवडे. मग ते आपापल्या फोटोकडे नीट बघायला लागत. अकरा वर्षांत त्यानं हे किती वेळा सांगितलं असेल याचा हिशेब नाही. आणि सांगताना दर वेळी डाव्या पोटरीवर ते सैल इलॅस्टिक किंचित खाली सरकल्याचं त्याला खरोखर जाणवत असे.

"तुमची काहीतरी चूक होतेय," तो हसून म्हणाला. असं हसणं त्याच्या कामाचाच भाग होता. चूक झालेल्या माणसाला चुकीची लाज वाटू नये म्हणून. "या वयात सगळी मुलं सारखीच दिसतात. तो आठ नंबर मी आहे."

"तुम्ही?" लिफ्टवाल्यानं फोटोकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, मग परत फोटोकडे. हे बघणं डोकीवाल्याला मुळीच आवडलं नाही. असं बघण्याचा हक्क या खोलीत फक्त त्याचा होता. "तुम्ही या वर्गात होता? मग आपण एकाच वर्गातले की! पण तुम्ही काही आठवत नाही बुवा."

"मलाही तुम्ही आठवत नाही."

"माझं ठीक आहे, मी चौथीत शाळा बदलली. पण हा मीच. मोजा बघा ना."

"मोजा मला माहीत आहे. इलॅस्टिक सैल झालं होतं."

"इलॅस्टिक कसलं सैल!" असं म्हणून लिफ्टवाल्यानं स्क्रू-ड्रायव्हर दातांत धरला, खुर्चीवर पाय ठेवला आणि पँट गुडघ्यापर्यंत वर केली. डावी पोटरी उजवीच्या निम्म्यानं होती. लाकडाच्या काठीसारखी, एकसारखी बारीक. "दोन वर्षांचा असताना ताप आला त्यात गेली ही. मोजा टिकणार कशावर? आई दोरा बांधायची वरून. त्या दिवशी दोरा तुटला." त्यानं पँट खाली केली. "तुमचा पाय कसा आहे?"

डोकीवाल्याचे दोन्ही पाय टेबलाखाली होते आणि उत्तम होते. "ठीक आहे," तो म्हणाला.

"मग झालं," लिफ्टवाला म्हणाला आणि लिफ्टकडे निघाला. दारातून वळून विचारलं, "नाव बदलायला अर्ज वगैरे करावा लागतो का? माझ्या मुलीला दाखवायचंय. लहानपणीचा एकही फोटो नाही माझा." अर्ज नाही, डोकीवाल्याच्या तोंडून निघून गेलं, दोन साक्षीदार लागतात, नात्यातले नकोत. "हात्तिच्या," लिफ्टवाला म्हणाला. "गुरुवारी आणतो."

मग लिफ्ट सुरू झाल्याचा आवाज आला, वर गेली, खाली आली, परत वर गेली. डोकीवाला बसल्या जागी बसून राहिला. भीती वाटतेय हे त्याला लगेच कळलं नाही. आधी त्याला वाटलं की खोलीतली हवा बंद झालीये, म्हणून त्यानं उठून पंखा मोठा केला. मग वाटलं पंख्यामुळे कागद उडताहेत, म्हणून बारीक केला. मग तो खाली वाकला आणि त्यानं डावा मोजा चाचपला. मोजा घट्ट होता. अकरा वर्षं ज्याच्या जोरावर लोकांना शहाणपण शिकवलं ते सैल इलॅस्टिक कुठल्या पायाचं? त्याला ते आठवत होतं, अजूनही आठवत होतं, आत्ता या क्षणीही पोटरीवरून काहीतरी अगदी सावकाश उतरत होतं. दुसऱ्याच्या पायावरून घसरणारा मोजा आपल्या पायाला कसा जाणवेल? आणि जाणवत असेल तर मग आपल्याला जे जे जाणवतं त्यातलं आपलं किती? खांद्यावरचा घामेजलेला हात, तोही त्या माणसाच्या खांद्यावर पडला होता. ते ऊन त्याच्या डोळ्यांत गेलं होतं. सातवीत गणितात नापास झाल्यावर पोटात जो खड्डा पडला होता तो तरी आपलाच का? की उद्या कुणी पंख्याचा मेकॅनिक येईल, पोटाशी बोट ठेवील आणि म्हणेल, हा खड्डा माझा?

त्याच्या धंद्यात एक शेवटचा उपाय असतो, आणि तो त्यानं हजारो डोक्यांवर केला होता. नाक बदलतं, केस जातात, गाल उतरतात, पण कान बदलत नाही. कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी लोंबते एवढं भिंगातून बघायचं. आठ नंबरची पाळी त्यानं अकरा वर्षांत कधी बघितली नव्हती. बघायचं कारणच काय? त्यानं टेबलाच्या खणातून भिंग काढलं, परत ठेवलं, दाराला आतून कडी घातली, परत काढलं. फोटोतल्या मुलाच्या कानाची पाळी सुटी होती, टपोरी, थेंबासारखी. मग त्यानं स्वतःच्या कानाला हात लावला. बोट पाळीमागे घालायला गेला, तर तिथे जागाच नव्हती. कान गालात सरळ शिरला होता. तो ओळखत होता त्या सगळ्या कानांमध्ये हा एकच कान तो आज पहिल्यांदा तपासत होता, आणि तो दुसऱ्याच कुणाचा निघाला. म्हणजे होता त्याचाच, पण फोटोत नव्हता.

त्या संध्याकाळी घरी जाताना त्यानं नेहमीचा रस्ता धरला आणि चार चौकांनंतर त्याच्या लक्षात आलं की समोरून येणाऱ्या माणसांच्या डोक्यांभोवती आपण रेषा काढतोय. ही सवय जुनीच होती. गर्दीत तो कंटाळला की नंबर घालत चाले. पण आज नंबर पुढे सरकेनात. एक, दोन, तीन... सात, आणि आठ आला की परत एकपासून. आठवं डोकं कधी छत्रीच्या दुकानातल्या बाईचं निघे, कधी सायकलवरून गेलेल्या कुणा टकल्याचं. सगळे बिनधास्त चालले होते. आपापलं डोकं घेऊन, त्यावर कुणी स्क्रू-ड्रायव्हर टेकवील याची कल्पना नसलेले. त्याला त्या सगळ्यांची भीती वाटायला लागली. यातला कुणीही थांबून म्हणू शकतो, माफ करा, तुम्ही माझा कोट घातलाय. कोट देता येईल. पण तो म्हणाला, तुम्ही माझ्या घरी चाललाय, तर? दार उघडून आईनं त्या माणसाला, ये रे, उशीर झाला, असं म्हटलं तर? तो जवळजवळ धावतच जिना चढला. आई घरातच होती आणि तिनं दार उघडून जे म्हटलं ते असं: "चेहरा का असा झालाय? कुणी मेलं का? तुझ्याकडे सगळे आधीच मेलेले असतात म्हणा."

आई सत्तरीची होती, खिडकीपाशी बसून शर्टाला बटण लावत होती आणि सुईत दोरा अजून स्वतः ओवत होती. संग्रहाच्या दृष्टीनं ती मोठी असामी होती. जुन्या वस्तीतल्या फोटोंमधली दोनेकशे डोकी तिनं एकटीनं सांगितली होती. तिनं बोट ठेवलं की नाव यायचं, अडखळणं नाही, आठवून बघते नाही. डोकीवाल्यानं खुर्ची ओढली, पाणी प्यायला, आणि कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं. आज एक माणूस आला होता, शाळेच्या फोटोत आठ नंबरचा मीच म्हणत होता, त्याची पोटरी बारीक आहे.

आईनं दोरा दातांनी तोडला. "मग असेल तोच," ती म्हणाली.

"असेल तोच म्हणजे? तूच दाखवला होतास मला. हा तू म्हणून."

"दाखवला होता. मग काय करू? तू त्या फोटोत नव्हतासच."

"नव्हतो?"

"गोवर झाला होता तुला. का कांजिण्या. अंगावर काहीतरी होतं, एवढं खरं. आठ दिवस घरी होतास. नंतर शाळेतून फोटो आला, आणि तू जो भोकाड पसरलास, मी कुठाय, मी कुठाय. जेवेना, झोपेना. शेजारचे विचारायला आले काय झालं म्हणून. शेवटी मी म्हटलं, हा काय, हा बघ, इथे आहेस की. दिसला त्या पोरावर बोट ठेवलं. लगेच गप्प झालास. चार घास खाल्लेस." तिनं शर्ट झटकून त्याची घडी घातली. "मला काय ठाऊक, मोठा होऊन तू याचीच नोकरी करशील!"

ही खरं म्हणजे हसण्याची गोष्ट होती आणि डोकीवाला हसलाही. पण हसता हसता त्याला त्याच्याच हसण्याचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. चौतीस वर्षं. चौतीस वर्षं तो तिथे उभा होता, उन्हात, डोळे उघडे ठेवून. आणि आता कुणीतरी सांगत होतं की तो त्या वेळी घरात अंधाऱ्या खोलीत पडला होता. त्या खोलीतलं त्याला काहीही आठवत नव्हतं. खाज नाही, ताप नाही, छत नाही. जिथे नव्हतो तिथलं सगळं लख्ख, आणि जिथे होतो तिथे काळं. "इतर कुणाची नावं," त्यानं शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे माझ्या कामासाठी जी सांगितलीस ती... ती खरी ना?"

"खरीच की."

"सगळी?"

"बहुतेक," आई म्हणाली.

त्या बहुतेकनं तो हलला. दोनशे डोकी, बहुतेक. दुसरे साक्षीदार तरी कोण होते? आईच्याच बरोबरीच्या बायका, ज्या म्हणायच्या, ती म्हणतेय तर तसंच असेल. सगळं शाईत होतं. लोकांनी त्यावरून आपल्या खोलीत आजोबा टांगले होते. "म्हणजे काय, आई, बहुतेक म्हणजे?" "अरे, तू इतका आशेनं बघायचास," ती जरा चिडून म्हणाली, "पेन्सिल धरून. नाही माहीत म्हटलं की तोंड एवढंसं व्हायचं तुझं. मग मी सांगायचे कुणाचं तरी. वस्तीतलंच सांगायचे, बाहेरचं नाही काही."

समोरच्या भिंतीवर वडील होते. वडील म्हणजे पाण्याच्या टाकीच्या बांधकामावर उभे असलेले बावीस कामगार, आणि त्यातला मागच्या रांगेतला उंच, भांग उजवीकडे पाडलेला. वडील गेले तेव्हा तो वर्षाचा होता आणि घरात त्यांचा तेवढा एकच फोटो होता. आईनंच बोट ठेवून दाखवला होता, हे तुझे बाबा. मिसरूड फुटल्यापासून तो भांग उजवीकडे पाडत आला होता. आत्ता त्यानं फोटोकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कान दिसला असता. फोटो तिथे होता आणि तो फोटोच्या विरुद्ध बाजूला, खिडकीकडे, बघत होता आणि त्याच्या मानेवर बावीस माणसं बघत होती.

"काय रे? विचारायचंय का काही?" आई म्हणाली.

"नाही."

"विचार ना."

"काही नाही म्हटलं ना!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की आईनं सुई खाली ठेवली. मग ती उठली, जाताना तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भांग विस्कटला. त्यानं तो सारखा केला नाही. त्याला कंगव्याचीसुद्धा भीती वाटायला लागली होती.

बुधवारी त्यानं कपाटातून आईची दोनशे डोकी काढून टेबलावर मांडली. शाईनं लिहिलेली, त्याच्याच वळणदार अक्षरात. शाई खोडायची तर पात्यानं खरवडावी लागते आणि खरवडलं की कागद पातळ होतो. खरवडून तिथे लिहायचं काय? 'बहुतेक'? त्यानं एकाही डोक्याला हात लावला नाही. दुपारी ग्रंथपालबाई खाली आल्या. त्या वाचनालयाच्या मुख्य होत्या आणि संग्रहाचं पुस्तक छापून यावं म्हणून दोन वर्षं सगळ्यांच्या मागे लागल्या होत्या. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शाळेचा तो फोटोच जाणार होता. "लिफ्टवाला मला भेटला," त्या म्हणाल्या. "फारच गोड गोष्ट आहे हो. पण तुमची मात्र कमाल आहे, स्वतःलाच ओळखता आलं नाही!" त्या खळखळून हसल्या. तोही हसला. त्याला त्यांना सांगायचं होतं की बाई, पुस्तक थांबवा, यातली किती माणसं कोण आहेत ते मला माहीत नाही, मी कोण आहे ते बघून घेतो आणि मग सांगतो. पण असं वाक्य ऑफिसात बोलता येत नाही. तो म्हणाला, "उद्या साक्षीदार येताहेत. नियमाप्रमाणे करू."

गुरुवारी तीन वाजता लिफ्टवाला आला, इस्त्रीच्या शर्टात, भांग-बिंग पाडून, नव्यानं फोटोच काढून घ्यायला आल्यासारखा. त्याच्याबरोबर त्याच वर्गातला एक चष्मेवाला होता. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि साक्ष देताना त्यानं स्वतःचा चष्मा काढून डोकीवाल्याचं भिंग डोळ्याला लावलं हे डोकीवाल्याला चांगलं लक्षण वाटलं नाही. दुसरे साक्षीदार म्हणजे शाळेचे पीटीचे सर. पंच्याहत्तरीच्या पुढचे, काठी होती पण टेकत नव्हते, काखेत धरून चालत होते. चष्मेवाला म्हणाला, हा हाच, याच्या पायाला मीच दोरा बांधायचो मधल्या सुट्टीत. सर म्हणाले, हा हाच, याला मी कवायतीतून कधी सूट दिली नाही, विचारा त्याला. लिफ्टवाला कृतज्ञतेनं म्हणाला, कधीच दिली नाही. डोकीवाल्यानं पातं घेतलं. यादीतल्या आठव्या ओळीतलं स्वतःचं नाव खरवडताना बारीक निळी पूड निघाली. ती त्यानं फुंकली आणि तिथे लिफ्टवाल्याचं नाव शाईनं लिहिलं. त्याला वाटलं होतं काहीतरी होईल, पण काहीच झालं नाही. फक्त खोलीत आता एक माणूस जास्त झाल्यासारखं वाटत होतं, आणि तो कोण हे त्याला माहीत होतं.

"आणि मग तू कुठायस?" सर अचानक म्हणाले.

"मी नव्हतो, सर. त्या दिवशी आजारी होतो. गोवर."

"कोण म्हणतं?"

"आई."

"आईची साक्ष चालत नाही," ग्रंथपालबाई दारातून म्हणाल्या. त्या कधी आल्या होत्या कुणास ठाऊक. "नियम तुमचाच आहे."

"हे बघ," सर म्हणाले आणि काखेतली काठी काढून त्यांनी पहिल्यांदाच जमिनीवर आपटली, "छत्तीस वर्षं नोकरी केली. फोटोच्या दिवशी माझ्या वर्गातला एक पोरगा गैरहजर राहिलेला नाही. गोवर असो, नाही तर काहीही असो. घरी जाऊन उचलून आणायचो मी. एकतीस पट, एकतीस डोकी. मोज."

डोकीवाल्याला मोजायची गरज नव्हती. एकतीस होती. त्यातली तीस आता शाईत होती आणि एकाला नाव नव्हतं, तेविसावं, शेवटच्या रांगेत, अगदी कडेला. अकरा वर्षांत त्याच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. फोटो बघायला येणारा माणूस स्वतःला बघायला येतो, आणि तेविसावा स्वतःला बघायला कधी आला नव्हता. सरांची काठी काचेवरून घसरत घसरत तिथवर गेली आणि थांबली. "हा तू," सर म्हणाले. "हा शंभर टक्के तू. असाच बघायचास. वर्गात असून नसल्यासारखा."

"अरे, हो की!" लिफ्टवाला पुढे झाला. त्याचं मन भरून आलेलं होतं. त्याला तो स्वतः मिळाला होता आणि आता त्याला सगळ्यांनाच कुणी ना कुणी मिळवून द्यायचं होतं. "हाच! आता आठवलं मला. तूच तो! कोपऱ्यात बसायचास ना, नळापाशी? अरे, मंगळवारपासून डोकं खाजवतोय मी, हा माणूस पाहिलाय कुठेतरी म्हणून!"

"दोन साक्षीदार," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "नात्यातले नाहीत. झालं! एकतीसच्या एकतीस. मुखपृष्ठ पूर्ण झालं."

"मी नव्हतो," डोकीवाला म्हणाला. "मी घरी होतो. अंधाऱ्या खोलीत." पण हे सांगताना त्याच्याकडे त्या खोलीतलं दाखवायला काहीच नव्हतं, छत नाही, खाज नाही, आणि सांगणारी कोण, तर जिनं त्याला चौतीस वर्षं चुकीच्या जागी उभं केलं ती. चौघं त्याच्याकडे प्रेमानं बघत होती. चौघांचं एकमत होतं. त्याला वाटलं की आता नाही म्हटलं तर हे लोक नुसते नाराज होणार नाहीत. मग आपण कुठेच उरणार नाही. आणि हो म्हटलं तर? तर ते कडेचं डोकं खरं ज्याचं आहे तो एखाद्या मंगळवारी येईल, पाइप दुरुस्त करायला, नाही तर खिडकीची काच बसवायला. येईल तेव्हा बघू. त्यानं दौतीत टाक बुडवला. तेविसाव्या ओळीत त्याचं नाव लिहून झालं तेव्हा लिफ्टवाल्यानं त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि सर म्हणाले, "शाबास," जणू त्यानं उडी मारून काहीतरी पार केलं होतं.

मग सगळे वर गेले. लिफ्टवाला म्हणाला, लिफ्टनं चला, आता काही होणार नाही. डोकीवाल्यानं बराच वेळ फोटोकडे पाहिलं नाही. मग त्यानं भिंग घेतलं. कान बघू नये असं त्यानं ठरवलं होतं आणि कान दिसतही नव्हता, कारण तेविसाव्या मुलानं मान वळवली होती. तीस मुलं समोर बघत होती आणि तो एकटा उजवीकडे, चौकटीच्या बाहेर. ओठ किंचित उघडे. एक पाय मागे घेतलेला. इतकी वर्षं त्यानं याच्याभोवती रेषा काढून ठेवली होती आणि हे बघितलं नव्हतं की पोरगं घाबरलेलं आहे. तिकडे, फोटोच्या बाहेर, कुणीतरी किंवा काहीतरी होतं, जे बाकीच्या तिसांना दिसत नव्हतं आणि छायाचित्रकाराला दिसत नव्हतं. डोकीवाल्याच्या मानेची डावी शीर हळूहळू ताणली जायला लागली. आपण मान उजवीकडे वळवतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि थांबवता येईना. शाई अजून वाळली नव्हती. आणि तिकडे काय होतं ते त्याला आठवायला लागलं.